त्या दिवशी जेवायला काय होतं?

कुणाचं व्यक्तिचित्र लिहावं एवढं माझं वय नाही आणि वाचनही नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे सुभेदार आप्पांबद्दल लिहायला बसलो तरी आपण आगाऊपणा करतोय असं सारखं वाटतं. त्यांना ओळखणाऱ्यांना चूक दिसली तर त्यांनी सांभाळून घ्यावं. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे.

पलूस तालुक्यातल्या आमच्या गावात एका महाराजांची समाधी आहे. मठ लहान, पण पुण्यतिथीला दरवर्षी मठाचा अनुभव अंक निघतो. भक्तांनी आपला अनुभव लिहून द्यायचा आणि निवड झाली की उत्सवात सगळ्यांसमोर स्वतः वाचायचा. वाचण्याआधी पादुकांवर हात ठेवायचा, अशी रीत आहे. फौजेतून निवृत्त होऊन आल्यापासून अनुभव तपासायचं काम आप्पांकडे होतं. मठाच्या ओट्यावर ते मांडी घालून बसायचे. चष्म्याला बुटाची नाडी बांधलेली. समोरचा माणूस दर्शन, दृष्टान्त, साक्षात्कार असं भरभरून सांगत असायचा. आप्पा सगळं ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "देवाचं ऱ्हाऊ दे घटकाभर. त्या दिवशी जेवाय काय हुतं?"

या प्रश्नानं भलेभले गडबडायचे. महाराजांच्या कफनीचा रंग आठवणाऱ्याला ताटातलं काही आठवायचं नाही. मग आप्पा कागद परत देत, "आठवून या," एवढंच म्हणत. एकदा पलीकडच्या वस्तीवरची एक बाई मुलाच्या दुखण्याचं सांगायला आली होती. तिनं लगेच सांगितलं, वांग्याचं कालवण केलं होतं, चुलीवरच राहिलं, दुसऱ्या दिवशी म्हशीला घातलं. आप्पांनी तिचा कागद न वाचताच छापायच्या गठ्ठ्यात ठेवला.

मठाचे अध्यक्ष आबा त्यांना चिडवायचे, "आप्पा, ह्ये काय कोर्ट हाय व्हय?"

"न्हाई," आप्पा म्हणायचे. "कोर्टात खोटं चालतंय."

माझी त्यांची ओळख अशीच झाली. बारावीला चांगले गुण पडले, कराडला प्रवेश मिळाला, तेव्हा आईनं मला अनुभव लिहायला लावलं. मी आधीचे अंक चाळले आणि त्यातली मोठमोठी वाक्यं घेऊन दोन पानं लिहिली. महाराजांनीच माझ्या हातून पेपर लिहून घेतला, असा शेवट होता. आप्पांनी ते सावकाश वाचलं.

"मग तुला नापास कराय पायजे," ते म्हणाले. "दुसऱ्यानं पेपर लिवला म्हंजी कापीच की रं ती."

ओट्यावरचे सगळे हसले. मी कागद घेऊन उठलो, तर त्यांनी हाताला धरून खाली बसवलं. "झालं काय ते आदी लिव्ह. वाटलं काय ते मागनं. दोनी कालवू नगंस." पेपरला जाताना आईनं मला मठात नेऊन तांब्याभर पाणी प्यायला लावलं होतं आणि माझे हात कापायचे थांबले होते. खरं तर एवढंच झालं होतं. ते आठ-दहा ओळींत लिहिलं. ते छापून आलं. पादुकांवर हात ठेवून मी ते वाचलं तेव्हा आवाज अडखळला नाही. त्यानंतर अंकाचं टायपिंग मीच करू लागलो.

आप्पांचा स्वतःचा अनुभव मात्र कुठल्याच अंकात नव्हता. तो लोकच सांगायचे. आप्पा तरुणपणी उत्तरेच्या सरहद्दीवर फौजी ट्रक चालवत होते. बर्फात कडा कोसळला. शेजारी बसणारा जतकडचा शिवाप्पा गेला आणि आप्पा वाचले, कारण त्यांच्या खिशात मठाचा अंगारा होता. दर उत्सवात कुणीतरी ही गोष्ट सांगायचंच. त्या वेळी आप्पा काहीतरी काम काढून भटारखान्याकडे निघून जायचे. तो त्यांचा विनय आहे असं आम्हाला वाटायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या उत्सवाला शिवाप्पाची म्हातारी आई एसटीनं जतहून आली. तिचा नातू नुकताच फौजेत भरती झाला होता. त्याच्यासाठी तिला अंगारा हवा होता. आबांनी पुडी दिली तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली, "माज्या शिवाच्या खिशात न्हवता. मला म्हाईतच न्हवतं असलं काय असतंय. आई असून मी दिला न्हाई."

आप्पा पत्रावळी वाटत होते. ते तसेच थांबले. म्हातारी प्रसाद घेऊन गेली, तरी ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

पुढच्या अंकासाठी त्यांनी आपला अनुभव लिहून माझ्याकडे दिला. दीड पानच होतं. लिहिलं होतं की रजेवरून परत जाताना त्यांनी मठातून दोन पुड्या नेल्या होत्या. एक स्वतःसाठी, एक शिवाप्पासाठी. त्या दिवशी फौजेच्या लंगरमधून पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी बांधून मिळाली होती. दोघांनी ती गाडीत एकाच कागदावर खाल्ली. लोणचं शिवाप्पाला आवडायचं, म्हणून आप्पांनी आपली फोड त्याला दिली. नंतर चढावर गाडी मागं घसरू लागली. शिवाप्पा चाकाला दगड लावायला उतरला आणि वरून कडा आला. शेवटची वाक्यं अशी होती: 'अंगारा दोघांच्या खिशात होता. मी वाचलो. का वाचलो ते मला माहीत नाही. मी रोज मठात येतो.'

मी ते टाईप करून दिलं. पुढं काय होणार याचा मला अंदाज नव्हता.

आबांनी ते वाचून आप्पांना बोलावून घेतलं. आबा वाईट माणूस नाही. ते शांतपणे म्हणाले की सगळं छापू, फक्त दोघांच्या खिशातलं ते एक वाक्य काढू. लोक आजारी पोरं घेऊन लांबून येतात, रिकाम्या हातानं त्यांना परत कसं पाठवायचं? "अंगाऱ्यावरचा इस्वास उडंल, आप्पा."

"माजा न्हाई की उडाला," आप्पा म्हणाले.

"तुमची गोष्ट येगळी."

"येगळी कशी? कडा माज्याच गाडीवर आला. आन् ती म्हातारी सोताला दोष देत बसलीय, आबा, माज्या गप बसन्यापायी. पादुकांवर हात ठिवून मी अर्दं कसं वाचू?"

आबांनी ऐकलं नाही. आप्पांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि अंकाचं काम त्या दिवसापासून सोडलं. उत्सवात ते नेहमीसारखे पंगतीत वाढत होते. अनुभव वाचले जात होते तेव्हा या वेळी ते भटारखान्याकडे गेले नाहीत, खांबाला टेकून शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले. निघताना मी त्यांच्या पाया पडलो, तेव्हा म्हणाले, "हितं न्हाई तर तिथं वाचू गड्या. जतची एसटी काय बंद न्हाई पडली."

मी कराडला परतलो. परीक्षा होती. थोड्या दिवसांनी आईचा फोन आला की आप्पा गेले. सकाळी मठाचा ओटा झाडून घरी आले, भिंतीला टेकून बसले, ते बसलेच. मला जाता आलं नाही. ते जतला जाऊन आले की ते राहूनच गेलं, हे गावात कुणालाच सांगता येईना. कुठं जाताना सांगून जायची त्यांना सवय नव्हती.

ते कळायला दिवाळी उजाडली. एका अनोळखी नंबरवरून फोन आला. तो शिवाप्पाच्या आईचा नातू होता, रजेवर घरी आलेला. मठातून माझा नंबर मिळाला म्हणाला. आप्पांनी वाचलेला तो कागद माझ्याकडे असेल तर हवा होता, आज्जीला परत ऐकायचा होता. वाचलेला म्हणजे, असं मी विचारलं, तेव्हा त्यानं आज्जीकडून ऐकलेलं सांगितलं. उत्सव झाल्यावर आप्पा आले होते. घरात पादुका नव्हत्या, म्हणून त्यांनी आज्जीच्या पायावर हात ठेवला आणि सगळं वाचून दाखवलं.

मी विचारलं, ऐकून आज्जी काय म्हणाली?

तो म्हणाला, अंगाऱ्याचं ती काहीच बोलली नाही. तिनं कागदातलं पुरी-भाजीचं तेवढं पुन्हा वाचायला लावलं आणि विचारलं, "म्हंजी पोट भरलं हुतं त्येचं?"

आप्पा म्हणाले, "भरलं हुतं, आई."