बियाण्याच्या लायसनखाली क्रिप्टोचं टेबल

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

नांदुऱ्यात माझं कृषी केंद्र हाये. सध्या माझा साळा तिथंच एका टेबलावर लॅपटॉप घेऊन बसते आन लोकांले क्रिप्टोचे कॉइन घेऊन देते. "सरकारकडं नोंदणी केली का बे?" असं इचारलं की म्हणते, "होऊन राह्यली, भाऊजी."

आज वरवट बकालचे एक काका त्याच्यासमोर येऊन बसले. माझे जुने गिऱ्हाईक. म्या इचारलं, "काका, याच्याजवळ लायसन हाये का, पाह्यलं का?"

काकांनी साळ्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडं बोट दाखवलं. "हाव ना! ते काय टांगलं हाये. सरकारी शिक्काबी दिसून राह्यला."

"अहो, ते माझं बियाणं विकायचं लायसन हाये!"

काका हसले. "दुकान तुमचं, लायसन तुमचं, साळा तुमचा. मंग मले कायची भीती?"

कसंबसं त्यायले चहा पाजून वापस पाठवलं. पण उद्या दुसरं कोणी येईनच ना!

लायसन उतरवावं, तर ते दर्शनी भागात लावायचा नियम हाये. साळ्याले उठवावं, तर घरी बायको अबोला धरते. सांगा, काय करू?

बियाणं उगवलं नाही, तर लोक कृषी अधिकाऱ्याकडं जातात. कॉइन बुडाले तर काका कोणाकडं जातील? साळ्याकडं नाही जाणार, मंडळी. लायसनवर नाव माझं हाये.