पहिला चतकोर

हरिबाला सोलापूर शहरात, जुळे सोलापूर भागात राहायला येऊन चार वर्षं झाली, पण जेवायला बसला की तो थेट सांगोल्याकडच्या माळावर जातो, असं त्याचा मुलगा बिभीषण म्हणतो. त्यात खोटं काही नाही. घरात टेबल आहे, खुर्च्या आहेत. हरिबा मात्र स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडी घालतो, कडक भाकरी मोडतो, शेंगाचटणीत बोटानं खळगा करून त्यात तेल ओततो. त्र्याहत्तराव्या वर्षी इतकं तिखट बरं नव्हे, हे घरातल्या प्रत्येकानं त्याला एकेकदा सांगून पाहिलं आणि मग नाद सोडला.

त्याची साठ वर्षं मेंढरांमागं गेली. दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचं, पावसाळ्याच्या तोंडाला परतायचं. बरोबर वासराएवढी तीन कुत्री. त्यांच्यासाठी वेगळं काही शिजत नसे. भाकरी मोडली की पहिला चतकोर कुत्र्याचा, मग आपला घास. आणि भाकरीबरोबर ताक असो की कालवण, जे आपल्याला तेच त्याला. लहानपणी एकदा भुकेच्या तडाख्यात हरिबानं आधी स्वतःच्याच तोंडात घास कोंबला. त्याच्या बापानं, रावजीनं, त्याचा हात धरला.

"आपल्या ताटातलं ज्याला दिलं न्हाय, त्यो आपल्यासाठी लांडग्याच्या तोंडाला का म्हून जाईल रं?"

पुढं साठ वर्षांत हरिबानं उपास मोडले असतील, चतकोर कधी चुकवला नाही. गुडघे गेले, मेंढरं विकली, शेवटचं कुत्रं गावाकडंच म्हातारं होऊन मेलं, तेव्हा तो लेकाकडं आला. शहरात चतकोर द्यायला कुणी नव्हतं आणि जेवण अंगी लागत नव्हतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. असलं काही सांगायची त्याला सवयच नाही.

मग बुंदी आली. हरिबाची सून दिपाली गणवेश शिवायच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथली एक मैत्रीण पुण्याला गेली आणि आपलं कुत्रं हिच्या गळ्यात घालून गेली. मांजरापेक्षा जरा मोठं, पांढऱ्या अंगावर पिवळे ठिपके. हरिबा पोट धरून हसला.

"ह्ये कुत्रं व्हय? मेंढरू शिंकलं तरी उडून जाईल की! आन् नाव काय, तर बुंदी!"

आठवडाभरानं हसणं बंद झालं. सकाळी सगळे कामाला गेले की घरात हे दोघंच. बुंदी त्याच्या मांडीला पाठ टेकून झोपायची, तो उठला की उठायची. हरिबाचा जीव तिच्यात अडकला. आणि पहिल्याच दिवसापासून पहिला चतकोर तिचा, हे काय वेगळं सांगायचं?

तिचं पोट आधीपासूनच नाजूक होतं. दोनदा उलट्या-जुलाब झाले, तेव्हा दिपालीनं तिला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. वैजयंती मॅडमनी सांगितलं, हिच्या स्वादुपिंडाला सूज येते, तेल-तूप हिला विष आहे. मऊ भात, कातडी काढून उकडलेली कोंबडी, लाल भोपळा. मीठ नाही, मसाला नाही. तेही थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. दिपाली पहाटे उठून शिजवू लागली, चार डबे भरून फ्रीजमध्ये ठेवू लागली. दुपारचा डबा द्यायचं काम हरिबाकडं आलं.

"मामा," दिपाली सासऱ्याला मामा म्हणायची, "तुमच्या ताटातलं तिला काही देऊ नका हां."

तिनं ते पर्सची चेन लावता लावता सांगितलं आणि ती निघून गेली. हरिबाला ते लागलं. चटणी देऊ नका म्हणाली असती, तेल देऊ नका म्हणाली असती, तर त्यानं ऐकलंही असतं. पण तुमच्या ताटातलं? त्याच्या ताटाला काय झालं होतं? ज्या ताटातला घास खाऊन कुत्र्यांनी लांडगे अडवले, ते ताट आता एवढ्याशा बुंदीला चालेना? तो तोंडानं "व्हय" म्हणाला. दुपारी त्यानं डब्यातला भात तिला इमानानं घातला, आणि मग भाकरी मोडून चतकोरही दिला, रोजच्यासारखा चटणी-तेल लावून. डब्यातलं ते आजाऱ्याचं पथ्य, जेवण हे, असा त्याचा हिशोब. असं चाळीस दिवस चाललं.

एका सोमवारी बुंदी उठलीच नाही. पाठीला बाक आलेला, पोटाला हात लावला की कळवळायची, पाणीसुद्धा ठरत नव्हतं. हरिबानं दिपालीला फोन केला. ती कारखान्यातून तशीच रिक्षा घेऊन आली आणि दोघं दवाखान्यात गेले.

"पथ्य नीट चाललंय ना?" वैजयंती मॅडमनी विचारलं.

"मॅडम, चाळीस दिवस तेलाचा थेंब दिला नाही हो." दिपाली रडवेली झाली. "मीच शिजवते सगळं. माझंच काहीतरी चुकत असणार."

"पथ्य असून इतकं उलटलं, म्हणजे आत वेगळंच काहीतरी आहे. भूल देऊन पोट उघडून बघावं लागेल. पण एवढ्याशा जिवाला भूल सोसेल याची खात्री मी देऊ शकत नाही. विचार करून सांगा."

हरिबा बाकावर बसला होता. बुंदी त्याच्या मांडीवर, धोतराच्या सोग्यात. तिचा श्वास त्याच्या तळहाताला लागत होता. गप्प बसलं असतं तर कुणाला कधीच कळलं नसतं. सुनेसमोर मान खाली घालायची वेळ आली नसती. पण मग पोट उघडणार होते, ते बुंदीचं.

"म्या घातलं," तो म्हणाला.

"काय घातलं आजोबा?"

"भाकरी. रोज चतकोर. शेंगाची चटणी लावून, वर त्याल."

दिपालीनं वळून त्याच्याकडं पाहिलं. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "बरं झालं बोललात. मग भूल नको. सलाईन लावू, इंजेक्शनं देऊ. पण आता एक घास जरी तसला गेला, तर ही हाती लागायची नाही."

परतताना रिक्षात दिपाली रस्त्याकडं तोंड करून बसली. ती ताडताड बोलली असती तर हरिबाला सोपं गेलं असतं.

तीन दिवस सलाईन चाललं. उलट्या थांबल्या, पण बुंदी खाईना. दिपालीनं सकाळी वाटी पुढं केली, बिभीषणनं संध्याकाळी हातानं भरवून पाहिलं. ती वास घ्यायची आणि मान फिरवायची. पोटात अन्न गेलं नाही तर औषधांचा काही उपयोग नाही, असं मॅडमनी बजावलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी हरिबा जेवायला बसला. बुंदी तिच्या भरल्या वाटीकडं पाठ करून, लटपटत येऊन त्याच्या मांडीशी बसली आणि ताटाकडं बघत राहिली. सवयीनं त्यानं भाकरी मोडली. चतकोर हातात तसाच राहिला. द्यावा तर ती मरणार. न देता स्वतः खावं, तर घास घशाखाली उतरायचा नाही. मग त्यानं भाकरी टोपलीत परत ठेवली, चटणी झाकली, ताट स्वच्छ धुतलं आणि बुंदीच्या वाटीतला सगळा भात-भोपळा आपल्या ताटात ओतला. त्यातला थोडा बोटानं एका कडेला सारला.

"घे. पयला तुजा."

बुंदीनं ताटाचा वास घेतला. मग तिनं ती कड चाटून स्वच्छ केली. हरिबानं आपला घास घेतला. ना मीठ, ना तिखट. तसला भिकार घास त्यानं जन्मात खाल्ला नव्हता, आणि तो खाताना म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आठ दिवस हेच चाललं. बुंदी घर हिंडू लागली. टोपलीत मात्र हरिबाच्या भाकरी तशाच उरू लागल्या. मामा रुसून उपाशी राहताहेत, असं दिपालीला वाटलं. रविवारी ती घरीच होती. दुपारी ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथंच थांबली. एकाच ताटात दोघं जेवत होते.

"मामा, हे काय खाताय तुम्ही?"

हरिबानं मान वर केली नाही. रावजीनं हात धरला होता तिथपासून तो सगळं सांगत गेला. ताटाचं बोलणं कसं लागलं तेही सांगितलं. दिपाली त्याच्यासमोर फरशीवर बसली. "मी फक्त तेलापायी म्हणाले होते हो," ती म्हणाली.

"ते आता कळलं की मला."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं पातेलं मोठं घेतलं. भात दुप्पट, भोपळा दुप्पट. हरिबा चहाला आला, तेव्हा तिच्या हातात मिठाची बरणी होती.

"तुमचा वाटा वेगळा काढून त्यात मीठ घालते, मामा. तेवढं तरी घेत जा."

हरिबानं पायाशी बसलेल्या बुंदीकडं पाहिलं.

"नगं पोरी," तो म्हणाला. "मग ताट येगळं व्हतंय."