आत्याच्या वहीतलं ‘जैसे थे’

माझी आत्या घड्याळं दुरुस्त करते. तिच्या तावडीत सापडलेलं घड्याळ सुधारतं आणि माणूसही, असं माझे वडील म्हणतात. धाकटा भाऊ म्हणून त्यांना अनुभव असणार. तिचं दुकान पुढे आठ फूट रुंद, मागे एक खोली. त्या खोलीपर्यंत रस्त्याची धडधड पोचत नाही. म्हणून दुरुस्त झालेलं लंबकाचं घड्याळ काही दिवस तिथल्या भिंतीवर टांगायचं आणि रोज सकाळी ते किती पुढे, किती मागे हे वहीत लिहायचं, हा तिचा पस्तीस वर्षांचा नेम.

ती खोली जागेच्या मालकाच्या डोळ्यांत भरली. त्याला गोदाम हवं होतं.

“पुढचं दुकान आहे की तुम्हाला. मागची खोली कशाला हवी?”

आत्या डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाली, “मग लंबक काय तुमच्या नाकाला टांगू?”

प्रकरण कोर्टात गेलं. खोली गेली तर मोठी घड्याळं जाणार आणि दुकानात उरणार फक्त सेल बदलणं. ते काम ती करते, पण तोंड वाकडं करून.

पहिल्याच तारखेला, म्हणजे बारा तारखेला, कोर्टाने निकाल लागेपर्यंत ‘स्टेटस को’ पाळायला सांगितलं. आत्या तो कागद घेऊन माझ्याकडे आली, कारण मी इंग्रजी शिकवतो, आणि उठता-बसता ते सगळ्यांना ऐकवतोही.

“हे काय आहे रे?”

“लॅटिन,” मी खुर्चीत रेललो. “इंग्रजांनी उसनं घेतलं ते परत काही दिलं नाही. आता कोर्टात, पेपरात, ऑफिसात, जिथे तिथे सापडतं. साहेबाला काही बदलायचं नसलं की तो स्टेटस कोच्या बाजूचा. आपल्या भाषेत, जैसे थे.”

“कधी जैसे होते तसे?”

“म्हणजे?”

“अरे, घड्याळ बरोबर आहे एवढं सांगून भागतं का? कधी लावलं होतं ते नको सांगायला?”

“ऑर्डरच्या दिवशी होतं तसं, आत्या. आता त्या खोलीला कोणी बोट लावू शकत नाही.” वर शहाणपणा केला, “दोन दिवस दुकान बंद ठेव आणि आराम कर इथेच.”

तिने माझं ऐकलं. सहसा ती ऐकत नाही, आणि तेच बरं असतं.

तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर मधल्या दाराला मालकाचं कुलूप. मागच्या दाराने आत शिरून त्याने रंगाचे डबे आणि मोडक्या खुर्च्या छातीएवढ्या उंच रचल्या होत्या. मी आवाज चढवला, तर तो शांतपणे म्हणाला, “हे आधीपासून असंच आहे. स्टेटस को आहे ना? मग हात लावायचा नाही.”

माझाच शब्द त्याने माझ्या तोंडावर मारला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्थ मी बरोबर सांगितला होता, आणि त्याच अर्थाच्या भरवशावर आत्याला दुकानातून उठवलं होतं.

आत्याने दाराच्या काचेतून आत पाहिलं. खुर्च्यांच्या वर, दुरुस्तीला आलेलं एका शाळेच्या हॉलचं घड्याळ अजून भिंतीवर होतं. त्या आठवड्यात तिथे ते एकच होतं. दिसायला देखणं म्हणून मालकाने काढलं नसावं.

“आहे,” ती एवढंच म्हणाली आणि वकीलबाईंना फोन लावला.

आठवड्याने कोर्टाचे अधिकारी पाहणीला आले. खोली कायम आपल्याच वापरात होती, असं मालकाने ठासून सांगितलं.

“आणि हे घड्याळ?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“आमचंच. वडिलांच्या वेळेपासून आहे तिथे.”

आत्याने वही उघडून वाचलं, “बारा तारीख, सकाळी नऊ दहा. मागची खोली, शाळेच्या हॉलचं, दीड मिनिट पुढे.”

मालक हसला. “वही काय, कालही लिहिता येते.”

“येते की,” आत्या म्हणाली. “साहेब, ते घड्याळ जरा खाली घ्यायला सांगा.”

तिने मागचे स्क्रू काढले, झाकण उघडलं आणि अधिकाऱ्यांच्या हातात भिंग दिलं. दुरुस्ती झाली की आतल्या पितळी पत्र्यावर सुईने आपली खूण आणि तारीख कोरायची, ही आमच्या घराण्याची पद्धत. अधिकाऱ्यांनी मोठ्याने वाचलं: त्याच महिन्याची दहा तारीख, आत्याची खूण. त्याच्या वर नऊ वर्षांपूर्वीची तारीख, खूण तीच. आणि सगळ्यात वर, जुन्या वळणाची, माझ्या आजोबांची.

“वडिलांच्या वेळचं आहे हे खरं,” आत्या मालकाला म्हणाली. “पण माझ्या.”

अधिकाऱ्यांना हसू आवरेना. मला रडू येत होतं, खोटं कशाला बोलू.

चार दिवसांत खोली रिकामी झाली. नव्या हुकुमात ‘स्टेटस को’ होतंच, पण पुढे ‘बारा तारखेला होतं तसं’ असं आत्याने वकीलबाईंकडून आग्रहाने घालून घेतलं. मूळ दावा अजून चालू आहे, आणि आत्याची झोप काही त्याने उडालेली नाही.

शाळेच्या घड्याळात धूळ गेली होती. तिने ते पुन्हा उघडून पुसलं, तेल दिलं आणि सुई माझ्यापुढे धरली.

“आजची तारीख तू कोर.”

“मी?”

“अर्थ येतो ना तुला? मग तारीखही घालायला शीक.”

मी तिचं भिंग डोळ्याला लावलं. मी सुई टेकवली तशी ती मागून म्हणाली, “अक्षर बारीक काढ. खाली जागा ठेव, अजून बऱ्याच जणांना लिहायचंय.”