कानात रक्त नसतं

माझ्या धाकट्या जावेचं नाव उलबोसिन. म्हणजे 'मुलगा होऊ दे'. तिच्या आधी चार बहिणी. पाचवीला हे नाव ठेवून तिच्या बापाने अल्लाला आठवण करून दिली. ती लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा बायका नावावरून हसल्या, तर ही पदराआडून म्हणते, "बापाने मुलगा मागितला आणि आले मी. तेव्हापासून लोकांच्या मागणीप्रमाणे वागायची सवयच लागली नाही."

नव्या सुनेने पहिल्या दिवशी असं बोलायचं असतं का? सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिला पढवून ठेवलं होतं. (त्यांचं नाव मी या वहीतही लिहीत नाही. आमच्यात सुनेने ते घ्यायचं नसतं.)

आमचं गाव सीर नदीच्या काठी. पाणी मचूळ, म्हणून चहा. दूध घातलेला, कडक. जेवणाआधी, जेवताना, जेवण झाल्यावर. समोवराशी बसून चहा ओतायचा मान धाकट्या सुनेचा. उलबोसिन ओतायची, आणि तिची लेक झानिल मांडीवर बसून गोड चहात भिजवलेली रोटी खायची. आमची सगळ्यांची पोरं अशीच वाढली. पण झानिल बावीस महिन्यांची झाली तरी पाऊल टाकेना. भिंत धरून उभी राहायची, गुडघे लटलटायचे, की मटकन खाली. ओठ पांढरे. एक दिवस उलबोसिनने तिला चुलीमागच्या भिंतीचा चुना चाटताना पकडलं.

मी म्हटलं, "अगं, पोरं चाटतातच. माझा पोरगाही चाटायचा."

"तुमचाही चाटायचा म्हणजे ते बरं झालं का, जाऊबाई?"

दुसऱ्या दिवशी दूधगाडीत बसून आम्ही दोघी पोरीला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या नर्सने झानिलची खालची पापणी ओढून पाहिली, बोटातून थेंबभर रक्त काढलं आणि सुनावलं, "रक्त फार कमी आहे. या वयाला चहा बंद. जेवणाबरोबर चहा गेला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही. मांस द्या, कलेजी द्या, अंडं, डाळ, वाटाणे. औषधाची बाटली देते, पण नुसत्या बाटलीवर ही पोर चालायची नाही."

घरी आल्यावर उलबोसिनने झानिलची चहाची वाटी उचलली आणि कोंबड्यांना पाणी ठेवायला अंगणात नेऊन टाकली. सासूबाई पाहत होत्या.

"हे काय?"

"आजपासून हिला चहा नाही, अपा."

"त्या पोरसवदा नर्सच्या सांगण्यावरून? मी सात लेकरं चहावर वाढवली!"

"सात वाढवली," उलबोसिन म्हणाली. "आणि जन्माला किती घातली, अपा?"

मी मनातल्या मनात तोबा म्हटलं. नऊ. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी कधी मोठ्याने बोललं नव्हतं. सासूबाई उठून आत गेल्या आणि तिसऱ्या प्रहरच्या, असरच्या नमाजापर्यंत बाहेर आल्या नाहीत. मी उलबोसिनला म्हटलं, "जिभेला काही हाड?" ती झानिलला अंडं भरवत होती. "बोलल्याचं मला वाईट वाटलं," ती म्हणाली, "पण मागे घेत नाही."

अंड्याचं जमलं, वाटाण्यांचंही जमलं. अडलं ते मांसाशी. आमच्याकडे मेंढा कापला की कुणाला काय, हे मेंढा जन्मायच्या आधीच ठरलेलं असतं. मुंडकं वडीलधाऱ्याला, छातीचा भाग जावयाला, मांडीची हाडं पाहुण्यांना. वडीलधारा मुंडक्याचा कान कापून पोरांच्या हातात देतो, म्हणजे पोरं आज्ञेत राहतात. सुनांना कढईच्या तळाशी उरेल ते. त्या शरदात चुलतसासऱ्यांनी असाच एक कान झानिलपुढे धरला. उलबोसिनने तो दोन्ही हातांनी आदराने घेतला आणि खाली ठेवला.

"मामंजी, हा खाऊन ही ऐकायला शिकेल. चालायला काय खाऊन शिकेल? कानात रक्त नसतं."

म्हातारबुवा तोंड वासून बघत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "हिच्यापेक्षा मुकी सून बरी होती."

आणि मग आमच्या नणंदेची, गौहरची, सोयरीक ठरली. मुलाकडचे पाचजण आले. आमच्यात सोयरीक कागदावर होत नाही. मेंढ्याची कलेजी आणि शेपटाची चरबी पातळ कापून, वर ताक ओतून, मुलीकडच्या बायका ती व्याह्यांना आपल्या हाताने भरवतात. तो घास पोटात गेला की शब्द मोडता येत नाही. भरवताना बायका गाणी म्हणतात, व्याह्यांच्या मिशांना मुद्दाम ताक फासतात, हसण्याखिदळण्याला ऊत येतो.

ताट घ्यायचा मान उलबोसिनकडे आला. कलेजी मीच कापली होती. वास आला तशी झानिल दारातून रांगत आली आणि आईच्या गुडघ्याला धरून उभी राहायला लागली.

उलबोसिनने पाचही जणांना नीट, गाणं म्हणत, एकेक घास भरवला. मुलाच्या बापाच्या मिशीला ताकही फासलं. सगळे हसले. मग ती तिथेच बसली, भरल्या बैठकीत, झानिलला मांडीवर घेतलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि ताटातली उरलेली कलेजी बोटांनी कुस्करून तिला भरवायला लागली.

हसू थांबलं.

"सूनबाई!" सासूबाईंचा आवाज फुटला. "पोरीची सोयरीक मोडायला निघालीस का गं?"

"तो मान आमचा होता," मुलाची आई म्हणाली.

"तुमचा मान तुम्हाला पोचला, विहीणबाई. पाचांना पाच घास. सोयरीक घासाने होते की ताटाने?" आणि पुढचा घास भरवला. "तुम्ही सगळे इथे स्वतःच्या पायांनी चालत आलात. ही अजून चाललेली नाही."

मुलाच्या बापाने मिशी पुसली. "खाल्लेलं आता परत करता येत नाही," तो म्हणाला. "शब्द राहिला. पण या घरचा चहा मी घेणार नाही."

आणि खरंच, पाचही जण चहा न घेता उठले. आमच्या गावात कुणाच्या घरून असं कुणी उठल्याचं मला आठवत नाही. उलबोसिनने झानिलचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरं झालं. समोवर निवू दे."

शिक्षा म्हणून सासूबाईंनी समोवर तिच्याकडून काढून माझ्याकडे दिला. तिला म्हणे अपमान कळावा. तिला काय कळलं तर, "हात मोकळे झाले." त्या मोकळ्या हातांनी ती पोरीला कडेवर घेऊन वाटी घेऊन निघायची. गावात कुठे मेंढा कापला की ही दारात हजर. "पाहुण्यांचं ताट मागत नाही, एक फाक द्या." लोक पाठीमागे तिला कलेजीवाली म्हणायचे. फाक द्यायचे मात्र. आणि एका आठवड्यात मी पाहिलं, शेजारची बटीमा आपल्या नातवाची चहाची वाटी धुऊन फडताळात उलटी ठेवत होती. तिने मला पाहिलं आणि उगीचच म्हणाली, "तडा गेलाय तिला." मला तरी कुठे तडा दिसला नाही.

पहिला बर्फ पडायच्या आधी एका दुपारी झानिलने भिंत सोडली. चार पावलं टाकली, आणि ती नेमकी समोवराकडे. मी ओतायची थांबले. सासूबाईंच्या तोंडून "माशाल्ला" निघून गेलं, मग त्यांनी ओठ घट्ट मिटले. उलबोसिनने पोरीला खांद्यांना धरून उलट वळवलं. "त्या बाजूला नाही, बाई. आता इकडे चाल."

हिवाळ्यासाठी घोडा कापला त्या दिवशी घर भरलं होतं. पहिली कढई कापणाऱ्याची आणि वडीलधाऱ्यांची. कलेजी आणि काळीज चरबीत चरचरत होतं, कढईवर सासूबाई स्वतः होत्या. उलबोसिन दोन वाट्या घेऊन आली आणि सगळ्यांसमोर कढईशी बसली.

"आधी पोर," ती म्हणाली.

बैठकीतून कुणीतरी खाकरलं. मी डोळे मिटून घेतले.

"शिजू तर दे, उतावळे!" सासूबाई म्हणाल्या. ढवळलं. पुन्हा ढवळलं. मग पळीभर झानिलच्या वाटीत घातलं.

उलबोसिनने दुसरी वाटी पुढे केली.

"ही कुणाची?"

"माझी. मी तळाचं खायची नाही या खेपेला. पोटात दुसरं आहे, अपा. हे बाविसाव्या महिन्यापर्यंत वाट बघणार नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. बसलेल्या पुरुषांकडे पाहिलं, कढईत किती उरलंय ते पाहिलं. आणि पळी पुन्हा आत घातली.