एक जून म्हणा

मी गाव सोडलं त्या दिवशी आईनं माझे कागद स्वतःच्या हातानं चंद्रकला मावशीच्या पर्समध्ये ठेवले. शाळा सोडल्याचा दाखला, माझं आधार कार्ड आणि तिच्या आधार कार्डाची झेरॉक्स, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर रबर लावून. "कागद जपा बाई, आजकाल माणसापेक्षा कागदाला मान हाय," असं म्हणून ती हसली. हिंगोली जिल्ह्यातला आमचा फाटा, सकाळची एसटी. धाकटी सोनी मोठमोठ्यानं रडत होती, कारण माझी सायकल आता तिला मिळणार होती आणि तो आनंद लपवायला दुसरा उपाय नव्हता.

मावशी काही सख्खी नव्हे. आईच्या माहेरच्या गावची, म्हणून मावशी. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचा कारखाना आहे, पॅकिंगचं काम आहे, पोरींना राहायला खोली आहे, असं तिनं सलग तीन दिवस आमच्या ओट्यावर बसून सांगितलं. वडील मी सातवीत असतानाच गेले. आई शाळेत खिचडी शिजवायची. मी एकोणीस वर्षांची, बारावी झालेली आणि घरात बसून कंटाळलेली. खरं सांगते, मला कुणी ढकललं नाही. मी उड्या मारत गेले.

हे मी गावातल्या पोरींसाठी लिहितेय आणि माझ्यासारख्याच पिशवी उचलून निघालेल्यांसाठीही. मोठ्या माणसांनी वाचलं तर हरकत नाही, फक्त मध्येच उसासे टाकू नयेत.

भाईंदरला स्टीलचे कारखाने खरोखरच आहेत, म्हणजे मावशी तेवढ्यापुरतं खरंच बोलली होती. मला मात्र तिनं काशीमीऱ्याला हायवेवरच्या एका लॉजवर नेलं. दिवसभर ट्रक जायचे आणि खिडकीची काच थरथरायची. वरच्या मजल्यावर आम्ही सहाजणी होतो. तिथले अकरा महिने मी इथे लिहिणार नाही. ते मी एकदा कोर्टात बंद दाराआड सांगितलंय, तेवढं पुरे. एवढंच सांगते की दर रविवारी मला आईला फोन करू द्यायचे, स्पीकर लावून, शेजारी उभं राहून. आई विचारायची, "भांडी जड असत्यात का गं?" मी म्हणायचे, "नाही गं, चमचे असतात." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं ते, असं मला तेव्हा वाटायचं. त्याहून मोठं अजून बोलायचं होतं.

तिथे आम्हाला एक धडा पाठ करून घेतला होता. पोलीस आले तर ते तुम्हालाच आत टाकतील. मग तुझी आई म्हणून एक बाई येईल. "हीच माझी आई" म्हणायचं आणि तिच्याबरोबर निघायचं. नाही म्हणालीस तर सोनी शाळेत कुठल्या रस्त्यानं जाते ते आम्हाला ठाऊक आहे. सोनी माझ्या सायकलवरून जायची. मी धडा पाठ केला.

पोलीस आले ते दुपारी दोनच्या सुमाराला. मानवी तस्करीविरोधी पथक, त्यात दोन महिला पोलीस, आणि बरोबर पंच म्हणून पालिकेतला एक कारकून. सरकारी माणूस साक्षीला असला की पुढे फिरत नाही, म्हणून त्याला आणलेलं. बिचारा जेवणातून उठवलेला दिसत होता, हातात डब्याची पिशवी तशीच. आम्ही सगळ्या ओढण्यांनी तोंडं झाकून भिंतीला लागलो. दोन महिला पोलिसांतली एक म्हणाली, "तोंड कशाला लपवताय? तुम्ही आरोपी नाही आहात." मला वाटलं, ही नवीन असेल, तिला नियम माहीत नसतील. कारकुनानं आमच्याकडे न बघता डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "कुणी जेवलं नसेल तर खा." भेंडीची भाजी होती. सहाजणींनी तीन पोळ्या वाटून खाल्ल्या.

मग दवाखाना, जबाब, मॅजिस्ट्रेट आणि सरकारी महिला वसतिगृह. तिथे माझी फाईल डिमेलो मॅडमकडे आली. मॅडम उत्तनच्या, कोळ्यांच्या घरातल्या, ख्रिस्ती. सोडवलेल्या बायकांच्या घरची चौकशी करायची आणि त्यांना कुठे, कुणाच्या हाती पाठवायचं याचा अहवाल मॅजिस्ट्रेटला द्यायचा, हे त्यांचं काम. गावात असताना सरकार म्हटलं की मला रेशनचं दुकान आणि तलाठ्याचं कुलूप आठवायचं. इथे सरकारच्या डब्याला सुक्या बोंबलाचा वास यायचा आणि सरकार जेवण झाल्यावर टेबलावर डोकं ठेवून दहा मिनिटं झोपायचं.

नवव्या दिवशी माझी आई आली. म्हणजे ती बाई आली. डोक्यावर पदर, डोळ्यांना पाणी, हातात तीच रबर लावलेली पिशवी. आईच्या आधार कार्डाची झेरॉक्स होती, फक्त फोटो बदललेला. मला बघून तिनं "माझं लेकरू" म्हणून असा टाहो फोडला की बाहेरचा शिपाईसुद्धा गलबलला. मॅडमनी मला विचारलं, "ही कोण?"

मी म्हणाले, "आई."

झालं. बोलून गेले. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर फक्त सायकल होती.

कायदा असा आहे की सोडवलेल्या बाईला न्यायला कुणीही आलं तरी चौकशी झाल्याशिवाय हवाली करत नाहीत. हे त्या बाईला ठाऊक असणार, पण कागद चोख आहेत, कोण एवढं बघतंय, असा तिचा हिशेब. मॅडमनी तिला समोर बसवलं आणि मला शेजारच्या खोलीत. दार मात्र उघडं ठेवलं. नाव, गाव, तालुका, बाई घडाघडा सांगत होती. जन्मतारीख? "एक जून." तेही बरोबर. मग मॅडमनी वही मिटली आणि गप्पा मारल्यासारखं विचारलं, "पोर झाली तेव्हा पाऊस हुता का वो? कोन हुतं जवळ?"

बाई म्हणाली, "एक जूनलाच झाली, मॅडम. दाखल्यावर आहे."

"दाखल्यावर हाय ते मी वाचलं. तुमाला काय आठवतंय?"

"एक जून," बाई म्हणाली.

मॅडम उठून माझ्याकडे आल्या. आपल्या गावाकडच्यांना सांगायला नको, पण इथल्यांसाठी लिहिते. शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की मास्तर एक जून लिहून मोकळे होतात. आमच्या वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस त्या एकाच दिवशी. वसतिगृहातल्या फायलींमध्येही तेच होतं. मॅडमनी मला हळूच विचारलं, "तू खरी कवा झालीस?"

हा प्रश्न धड्यात नव्हता. मी पटकन म्हणाले, "करीला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी."

"आनि तुझ्या आयला ते म्हाईत न्हाय?"

मी रडायला लागले. तेवढं रडणं लॉजवरही आलं नव्हतं. सायकलचं, सोनीचं, चमच्यांचं, सगळं सांगून टाकलं. मॅडमनी आधी आमच्या तिकडच्या पोलीस ठाण्याला फोन लावला, सोनीवर लक्ष ठेवायला सांगितलं, आणि मग पथकाला बोलावलं. त्या बाईला चहा देऊन बसवून ठेवलं होतं. तिनं चहाही पुरा प्यायला नाही आणि पोलीस दारात आले. तिच्यावरून पुढे मावशी सापडली.

खरी आई यायला तीन आठवडे लागले. आधी हिंगोलीच्या अधिकाऱ्यांनी घरी जाऊन चौकशी केली, शेजाऱ्यांना विचारलं, अहवाल पाठवला. सरकारी काम, त्यात दोनदा सही राहिली. मी रोज मॅडमना विचारून भंडावून सोडायचे. शेवटी आई आली ती शाळेच्या मास्तरांना घेऊन. कागद सगळे मावशीकडे गेले होते ना, मग मास्तरच जिवंत दाखला म्हणून आले. हेच ते माझा एक जून लिहिणारे मास्तर, इस्त्रीचा शर्ट घालून, शाळेचं रजिस्टर छातीशी धरून.

मी आईकडे धावणार, तर मॅडमनी हातानं थांबवलं. एकदा फसता फसता वाचलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्यांनी आईला तोच प्रश्न विचारला. पोर कधी झाली?

आई ताठ उभी राहिली. मास्तरांकडे एकदा बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "एक जून!"

मी मॅडमकडे बघितलं. मास्तर मात्र विद्यार्थिनी पास झाल्यासारखे मान डोलावत होते. मॅडमनी पेन खाली ठेवलं. आईच्या कपाळावर घाम आला, ती पदरानं पुसत होती. मॅडम म्हणाल्या, "ताई, तारीख ऱ्हाऊ द्या. त्या दिवशी घरात काय शिजलं हुतं?"

आई चटकन म्हणाली, "शिजवतंय कोण बाई? आदल्या दिवसाचं पुरन उरलं व्हतं. पोळा झालेला, कर व्हती. पाऊस तर असा की सुईनीला आनायला गेलेलं मानूस वड्याच्या पल्याडच अडकलं. सासूनंच नाळ कापली." आणि मग एकदम तिनं तोंडावर हात ठेवला. "आता गं बया. मास्तरनं गाडीत बसल्यापासून घोकून घेतलं व्हतं, सरकारी काम हाय, एक जून म्हणा, दुसरं काई बोलू नका. चुकलं का माझं? देणार न्हाईत का पोरीला?"

मास्तरांनी रजिस्टर वर धरून तोंड लपवलं. डिमेलो मॅडम एवढ्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जा. आता जा."

आईच्या साडीला चुलीच्या धुराचा वास होता. मी तिला घट्ट धरून राहिले. नंतर वऱ्हांड्यात बसून तिला सांगितलं की मी दुसऱ्या एका बाईला आई म्हणाले. मला वाटलं होतं हे तिला सगळ्यात जास्त लागेल. ती माझी वेणी घालत होती, तिचा हात थांबलाही नाही. "सोनीच्या जिवासाठी म्हणलीस ना? मग दहा बायांना माय म्हण. मी काय झिजत न्हाई."

मी गावी गेले, दोन महिने राहिले. कुणी वाईट बोललं नाही, पण मी आले की ओट्यावरचं बोलणं थांबायचं. ते मला सोसेना. वसतिगृहात शिवणाचं शिक्षण अर्धं राहिलं होतं, कोर्टाची तारीख यायची होती, म्हणून परत आले. साक्षीच्या दिवशी मध्ये पडदा होता. मावशी मला दिसत नव्हती, मी तिला दिसत नव्हते. मॅडम माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या. मावशीला शिक्षा झाली. सगळं गोड झालं असं मात्र म्हणवत नाही. आमच्या सहाजणींमधली एक पुन्हा कुठे गेली ते आजही कळलेलं नाही. तिच्यासाठी कुणी आई आलीच नाही, ना खोटी ना खरी.

आता मी मीरा रोडला शांती नगरात दोन मैत्रिणींबरोबर राहते आणि एका शिवणाच्या दुकानात ब्लाउज, फॉल-बिडिंग, अल्टरेशन करते. दिवसभर "भाभी, फिटिंग बराबर है ना?" चालू असतं. दुकानाच्या मालकीण हंसाबेन दर एक जूनला माझ्यासाठी केक आणतात, मीही कापते. मास्तरांच्या तारखेला एवढा मान दिलाच पाहिजे. आणि करीच्या दिवशी आईचा फोन येतो. गेल्या वर्षी ती स्वतःच आली, कोरड्या होऊ नयेत म्हणून तूप लावून पोळ्या घेऊन. खाली रिक्षांच्या गर्दीकडे बघून म्हणाली, "हितं बैल न्हाईत, मग पोळा कसा कळतो गं तुला?" मी म्हणाले, "तू फोन करतेस ना, म्हणून." घर म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. तो ओटा आता माझा राहिला नाही आणि ही भाड्याची खोली अजून पुरती माझी झालेली नाही. पण माझा खरा दिवस ठाऊक असलेलं एक माणूस आहे, आणि ते आहे तोवर मी बेघर नाही.

मागच्या मंगळवारी डिमेलो मॅडमचा फोन आला. "उज्ज्वला, एक पोर आनलीय. चार दिस झाले, काय बोलत न्हाय. येतेस?" हंसाबेननी कात्री माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, "जा ने."

मुलगी कोपऱ्यात ओढणीत तोंड लपवून बसली होती. फाईलवर जन्मतारीख एक जून. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. म्हटलं, तू आरोपी नाहीस, तोंड कशाला लपवतेस. काही नाही. मग मी तिला मास्तरांची, रजिस्टरची, आईच्या खणखणीत उत्तराची सगळी गोष्ट सांगितली. ओढणीच्या आत जराशी हालचाल झाली. मी विचारलं, "तू खरी कधी झालीस?"

खूप वेळानं ती म्हणाली, "मला नाही माहीत. माझ्या आईला माहीत आहे."

मी म्हटलं, "मग चल, तिलाच विचारू. गावाचं नाव सांग."

तिनं ओढणी खाली घेतली आणि गावाचं नाव सांगितलं.