सावलीची बाजू

अल बर्शातले आमचे समोरच्या दारातले शेजारी लिफ्टमध्ये भेटले की आधी विचारतात, "गाडी सावलीत लावलीत ना?" दुबईत केस पिकले त्यांचे. मार्चच्या सुट्टीत आम्ही दोन्ही कुटुंबं प्रागला गेलो, जुन्या शहरात दिवसभर भटकलो. थंडी चांगलीच होती. सगळं गाव उन्हात बसलेलं, आणि हे स्वतः कुडकुडत, "यल्ला, चला, इकडून," म्हणत आम्हाला सावलीतून नेत होते.

शेवटी मी म्हटलं, "अहो, ऊन पलीकडे आहे."

ते थबकले. रस्ता ओलांडून बाकावर बसले, उन्हाकडे तोंड करून. मग म्हणाले, "गेल्या थंडीत साताऱ्याला आई अंगणात उन्हाला बसली होती. मी तिला खुर्चीसकट उचलून सावलीत नेऊन ठेवलं. तिथे पदर घट्ट लपेटून बसली हो ती."