आमच्या घरातून साखर गेली तेव्हा

दोष बापूकाकांचा. म्हातारं माणूस आहे, जाऊ दे, असं मला कोणी सांगू नका. नांदेडच्या आमच्या घरातून साखर गेली तशा मुंग्या गेल्या, पण किस्से मात्र साचत गेले. मित्र टपरीवर ऐकतात आणि खिदळतात. हसा लेको!

*

खरं तर साखर आधी मी सोडली. बिनसाखरेचा चहा मागितला, तर बापूकाका, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, रिटायर्ड मास्तर, सगळ्यांसमोर म्हणाले, "कॉलेज सोडलं, आता साखर सोडली. धरणार काय हाईस तू?"

मग काही महिन्यांनी माझ्या धाकट्या भावाचा, सुमितचा, लातूरहून फोन आला. तो तिथं मेडिकलला. "साखर कमी करा," एवढंच बोलला. बस! संध्याकाळी बापूकाकांनी साखरेचा डबा शेजारच्या फातिमाचाचींना देऊन टाकला. "डॉक्टर बोलला!"

डॉक्टर तेव्हा सेकंड इयरला होता.

*

पाहुणे येणार म्हणून गुळाची बासुंदी ठरली. मी म्हणालो, "काका, दूध खाली उतरवा, निवू द्या, मग गूळ घाला. उकळत्यात घातला तर फाटतं."

"पस्तीस वर्षं पोरं शिकवली मी," म्हणत त्यांनी अख्खी ढेप किसून उकळत्या पातेल्यात ओतली.

दूध फाटलं. पाहुण्यांच्या वाटीत चोथा आणि पाणी. बापूकाका म्हणाले, "खा खा, प्रोटीन हाय!"

*

आईनं खजूर-शेंगदाण्याचे लाडू केले. शुगर-फ्री म्हणून बापूकाका येता-जाता तोंडात टाकून राहिले. डबा आठवड्यात साफ आणि त्यांची शुगर आभाळाला!

मी म्हणालो, "काका, खजूरपण गोडच असतो. गूळसुद्धा. बेतानंच खायचं."

"तू डॉक्टर हाईस का?"

रात्री सुमितला फोन लावला. त्यानं शब्दाला शब्द तेच सांगितलं. बापूकाका आईकडे वळले, "बघ! शिकलेलं पोरगं कसं एका वाक्यात समजावतं!"

मी तिथंच बसलो होतो. समोर.

*

एकदा बापूकाका वजिराबादच्या बाजारात गाडीवर जिलेबी खाताना मला सापडले. हातातून पाक गळत होता. घाबरून म्हणाले, "सुमितला सांगू नको रे."

मी पाहिलं, याचं त्यांना काहीच नव्हतं!

*

मग लातूरला पल्लवीला पाहायला गेलो. तिनंच चहा आणला. मी विचारलं, "तुम्ही साखर किती घेता?"

"दोन चमचे. आणि सोडणार न्हाई, आधीच सांगते."

तो गोडमिट्ट चहा मी थेंबभर न ठेवता प्यालो. घरी येऊन आईला सांगितलं, हीच.

*

साखरपुडा लातूरलाच, तिच्या अंगणात. मुलीच्या हातात साखरेचा सजवलेला पुडा द्यायचा असतो, हे शेंबड्या पोराला माहीत. बापूकाकांनी पिशवीतून सोनेरी कागदाचा पुडा काढला. पल्लवीच्या आजोबांनी कोपरा उघडून पाहिला. "हे काय?"

"गूळ पावडर. सेंद्रिय! आमच्या घरात पांढरं विष येत न्हाई. डॉक्टरची ऑर्डर हाय!"

मला वाटलं, आता भांडण होणार. झालं असतं तर लई बरं झालं असतं.

आजोबा म्हणाले, "कोण डॉक्टर?"

बापूकाकांनी छाती फुगवून सुमितला पुढं ओढलं. बायोडाटात त्याच्यापुढं 'एक भाऊ, शिक्षण चालू' एवढंच होतं. आता तो इंटर्नशिप करत होता.

आजोबांनी त्याला पाहिलं. मग मला पाहिलं. मग बापूकाकांना म्हणाले, "डॉक्टर पोरगा घरात हाय, आणि आम्हाला हे दाखवलं?"

माझा साखरपुडा झाला नाही. दिवाळीनंतर त्याच अंगणात सुमितचा झाला. पुड्यात साखर होती. बापूकाकांनीच आणली.

पल्लवी आता आमच्या घरात असते. चहात दोन चमचे घेते. मला दादा म्हणते.